जूनमध्ये नको, मेमध्ये या: वस्तीत काम सुरू करणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या फोनला उसंत नसते. "दप्तरं वाटायला कधी येऊ?" "आमच्या ग्रुपने शंभर वह्या जमवल्यात, मुलं कुठे भेटतील?" माणसं मनापासून विचारतात आणि आम्हालाही ती हवी असतात. पण नाशिकच्या पंचवटीत, पेठ रस्त्यालगतच्या वस्त्यांमध्ये इतकी वर्षं मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत राहिल्यावर नव्या माणसाला मी एकच गोष्ट आधी सांगते: जूनमध्ये नको, मेमध्ये या. दप्तर वाटायला एक सकाळ पुरते. तेच दप्तर डिसेंबरातही शाळेत जातंय ना, हे पाहायला वर्ष लागतं.

ते वर्ष कसं फिरतं आणि त्यात तुम्ही कुठे, काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी घरांचं वर्ष समजून घ्या

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, सरकारचं एप्रिलला. आमच्या वस्तीतल्या घरांचं वर्ष या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. इथली बरीच कुटुंबं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतली. कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी जमातींची. गावी थोडी जमीन, तीही पावसावरची. पावसाळ्यात भात-नागलीच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, अर्धं घर गावी जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांची छाटणी लागते आणि मजुरांच्या टोळ्या निघतात. त्यापाठोपाठ विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग जानेवारीपासून खुडणी. मध्येच उन्हाळ कांद्याची लागवड, आणि मार्च-एप्रिलात काढणी. जे शहरातच राहतात ते बांधकामावर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे, किंवा कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बंगल्यांत धुणीभांडी करतात.

म्हणून तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर बारा चौकटी आखा. ज्या दहा-बारा घरांची जबाबदारी तुम्हाला मिळेल, त्या प्रत्येक घराला विचारा: कुठल्या महिन्यात कोण कुठे असतं? हातात पैसा कधी येतो? मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय का, आणि ती फिटते कधी? हे एकदा लिहून झालं की पोरगं जानेवारीत शाळेतून गायब का होतं, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

दहा-बारापेक्षा जास्त घरं घेऊ नका. उत्साहात लोक तीस घेतात आणि दिवाळीनंतर एकाही घरी जाऊ शकत नाहीत.

मे: कागदांचा महिना

मेमध्ये शाळा बंद, मुलं मोकळी, आणि घरं लग्नसराईसाठी गावी. नेमकं हेच आपल्या फायद्याचं, कारण निम्मे कागद गावीच असतात.

सगळ्यात वेळखाऊ काम जातीच्या दाखल्याचं. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० किंवा त्याआधीचा पुरावा मागतात. म्हणजे मुलाच्या आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात, म्हणजे शाळा सोडल्याच्या नोंदीत, नाव सापडतं. गेले नसतील तर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्याची नक्कल, तहसीलमधून काढायची. यासाठी घरातलं मोठं माणूस सोबत लागतं. त्यालाच माहीत असतं की पणजोबांचं नाव कागदावर वेगळं होतं आणि हाक मारायचे वेगळ्याच नावाने. मी एकदा एका आजोबांसोबत पेठला गेले होते. तीन तास नोंद सापडेना. मग ते सहज बोलले, "आमच्या बापाला गावात सगळे लहान्या म्हणायचे." कोतवाल बुकात तेच नाव होतं. त्या एका नोंदीवर पुढे त्यांच्या चार नातवंडांचे दाखले निघाले.

उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिल उजाडल्यावरच काढा. त्याची वैधता ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला जूनमध्ये कामाचा राहत नाही आणि त्या घराची एक दिवसाची मजुरी फुकट जाते. रेशनकार्ड, लाइट बिल, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल घेऊन सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' केंद्रात अर्ज करायचा. पावती जपून ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने या सेवांना मुदत बांधून दिली आहे, आणि त्या मुदतीनंतर अपील करायचं तर पावतीच लागते.

आता नावांबद्दल, कारण सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. आधारवर एक स्पेलिंग, शाळेत दुसरं, बँकेत तिसरं. मेमध्ये प्रत्येक मुलाचे सगळे कागद एका चादरीवर मांडा आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख ही चारच गोष्टी एकमेकांशी ताडून बघा. फरक दिसला तर आधी शाळेची नोंद दुरुस्त करायची की आधार, हे शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलूनच ठरवा. मुलगा दहावीला बसायच्या आधी हे झालंच पाहिजे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर चुकीचं नाव छापलं गेलं की दुरुस्तीचा फेरा फार मोठा होतो.

आणि बँक खातं. "आधार लिंक आहे ताई" असं घरचे सांगतात, बँकेतलाही सांगतो, पण शिष्यवृत्ती येत नाही. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधार सीडिंग झालेलं असणं वेगळं. पैसे ज्या खात्याशी शेवटचं सीडिंग झालं त्याच खात्यात जातात. आईने मध्ये कुठल्यातरी योजनेसाठी मुलाच्या नावाने दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे पडून राहतात. दोन्ही पासबुकं भरून आणायला सांगा.

हे सगळे कागद हातात आले की काय काय होऊ शकतं ते पाहा. वडील वारलेत, किंवा आई एकटीच घर ओढते आहे, किंवा पालक गंभीर आजारी आहेत, अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांपर्यंत दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि आदेश बालकल्याण समिती देते. आमच्या वस्तीत या योजनेने जितकी मुलं शाळेत टिकली, तितकी दुसऱ्या कशानेही टिकली नाहीत. तरीही पात्र घरांतल्या कित्येकांना तिचं नावही माहीत नसतं, म्हणून पहिल्याच भेटीत कानावर घाला. घरात लहान मुलगी असेल आणि तिचा जन्म १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतरचा असेल, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर अंगणवाडी सेविकेकडून लेक लाडकी योजनेचा अर्ज भरून घ्या. टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये, त्यातले ७५,००० ती १८ वर्षांची झाल्यावर.

घरी कसं जायचं

कागदांआधी खरं तर हे लिहायला हवं होतं, कारण इथे चुकलं तर कागद कोणी दाखवतच नाही.

संध्याकाळी साडेसातनंतर जा. दिवसा घरी फक्त म्हातारी माणसं आणि लहानगी भेटतात. बुधवारी जाऊ नका, गोदाकाठी बुधवारचा बाजार असतो आणि आठवड्याचं सामान त्याच दिवशी भरतात. पहिल्या भेटीत वही-पेन बाहेर काढू नका. पेन दिसलं की माणसं सर्व्हेवाले आले असं समजून ठरलेली उत्तरं देतात. चहा दिला तर घ्या. नको म्हणू नका, त्या घरात दूध तुमच्यासाठीच आणलेलं असतं.

मावशी, आक्का, बाबा, भाऊ अशीच हाक मारा. "लाभार्थी" हा शब्द फाइलमध्ये ठेवून या.

आणि प्रश्न विचारताना तो जाब वाटणार नाही असा विचारा. "पोरीला शाळेत का पाठवत नाही?" असं विचारलं की मावशी म्हणणार, "पाठवते की, उद्यापासून जाईल." विषय संपला. त्याऐवजी "मावशी, आठ दिवस झाले, पोरगी दिसली नाही, बरी आहे ना?" असं विचारलं तर ती बसते, पदर सावरते आणि सांगते: "धाकट्याला कोण बघंल ताई? मला साइटवर सहाला जावं लागतं." आता तुम्हाला खरं काम कळलं. प्रश्न शाळेचा नव्हताच, धाकट्याच्या अंगणवाडीचा होता. सातवी-आठवीतल्या मुलींची शाळा सुटण्यामागे आमच्याकडे बहुतेक वेळा पाळण्यातलं भावंडच असतं.

जून

शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. दप्तरं वाटा, आनंदाने वाटा. पण यादी करून, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात, आणि स्टेजवर नको. ज्या मुलाला वही मिळाली त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकणं आम्ही बंद केलं. चौथीतला एक मुलगा म्हणाला होता, "ताई, वर्गातल्या पोरांनी तो फोटो बघितला." त्याहून जास्त तो काही बोलला नाही.

प्रवेशाच्या वेळी एक कायदा पाठ करून ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. शाळेत हे आवाज चढवून सांगायची गरज पडत नाही. बहुतेक मुख्याध्यापक मदतच करतात, पटसंख्या त्यांनाही हवी असते. त्याच वेळी शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतली एक तरी आई जाईल असं बघा. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. एक आई तिथे बसायला लागली की पोषण आहारापासून मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत सगळ्यावर लक्ष राहतं.

पावसाळा

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आपलं लक्ष रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे जातं. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरच नाशिककर पूर मोजतो. नदीकाठच्या घरांसाठी मात्र तोवर फार उशीर झालेला असतो. तुमच्या यादीतलं घर काठावर असेल तर जुलैआधीच सगळे मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवायला सांगा, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्सचा एक संच संस्थेच्या कपाटात ठेवा. एवढं पुरेसं आहे. बाकी डेंग्यू, ताप, आवणीला गेलेली पोरं, हे जसं येईल तसं निभावायचं.

याच दिवसांत आठवीतल्या हुशार मुलांची नावं काढा. एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसलेल्या मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शाळेला विचारा, अर्ज भरला का. मग दर रविवारी दोन तास गणित आणि बुद्धिमत्तेचा सराव घ्या. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी यासाठी जरूर यावं, त्यांच्याइतकं चांगलं हे कोणी शिकवत नाही.

पैसा

दिवाळीच्या आधी देणगीदार येतात. नव्या माणसाने दोनच नियम पाळावेत. देणगी कितीही लहान असो, पावती फाडल्याशिवाय हातात घ्यायची नाही. आणि रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर देणाऱ्याला आधीच सांगायचं की रोखीवर देणगीची आयकर सवलत मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. आपण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली विश्वस्त संस्था आहोत, हिशेब मार्चअखेरचा आणि ऑडिट त्यानंतर सहा महिन्यांत. हरवलेली एक पावतीसुद्धा सप्टेंबरमध्ये खजिनदाराची झोप उडवते.

स्वतःच्या खिशातून कुठल्याही घराला रोख पैसे देऊ नका. हे मला सांगायला जड जातं, कारण तापाने फणफणलेलं पोर समोर असताना शंभराची नोट काढावीशी वाटतेच. पण शेजारच्या घराला ते कळतं, आणि उद्यापासून तुम्ही ताई राहत नाही, पैसेवाली बाई होता. औषध आणून द्या, दवाखान्यात सोबत जा.

टोळी निघते तेव्हा

वर्षाचा सगळ्यात अवघड काळ हा. जीप लागते, भांडीकुंडी चढतात, आणि मुलगा दप्तर घरात टांगून आईबापांसोबत निघून जातो. बागेत पालाच्या आडोशाला चार महिने. परत येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि लाजेने तो शाळेकडे फिरकत नाही.

टोळी निघायच्या पंधरा दिवस आधी हालचाल करा, आदल्या दिवशी जाऊन काही होत नाही. पहिला पर्याय, मुलाला मागे ठेवायचं. आजी असेल आणि ती सांभाळू शकत असेल तरच. आजीच्या जेवणाची, औषधाची सोय आहे का ते तुम्ही स्वतः बघा. ज्या शाळेकडे हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथे बोला. मुलगी वयात आलेली असेल आणि मागे एकटी राहणार असेल, तर ती आईसोबत गेलेलीच बरी. या बाबतीत मी आईच्या बाजूने आहे, हजेरीचं नंतर बघू.

दुसरा पर्याय, मूल जाईल तिथल्या शाळेत बसवायचं. हे लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. बालभारतीची पुस्तकं सगळीकडे तीच, त्यामुळे नाशिकला पान चाळीसवर थांबलेलं मूल निफाडच्या जिल्हा परिषद शाळेत एकेचाळीसवरून पुढे जाऊ शकतं. निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, त्यात मूल काय शिकलंय याची नोंद असते. पुस्तकं दप्तरातच ठेवायला लावा. मुकादमाचा नंबर आणि बागेचं गाव वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात त्या गावच्या शिक्षकांना फोन करा, आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतः जा. बागायतदाराशी नीट बोला. बरेच जण पोरांना शाळेत जाऊ द्यायला तयार असतात, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. दुपारचं जेवण शाळेत मिळतं हे आईला कळलं की निम्मा प्रश्न सुटतो.

बारा वर्षांचा मुलगा खुडणी करताना दिसला तर तो प्रेमाने समजवायचा विषय उरत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्याने बंद आहे. आधी संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला कळवा, तिथे एकट्याने वाद घालू नका.

मूल तुम्हाला काही सांगेल तेव्हा

हा भाग दोनदा वाचा. तुम्ही नियमित जायला लागलात की चार-सहा महिन्यांनी एखादं मूल तुम्हाला असं काही सांगेल, जे त्याने कोणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा ऐकून घ्या. मध्ये प्रश्नांची सरबत्ती करू नका, "खरंच का?" म्हणू नका. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलाला सांगा: "तू सांगितलंस हे चांगलं केलंस. तुझी यात चूक नाही. आता मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल." त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराची शंका असली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्याच दिवशी संस्थेच्या प्रमुखांना सांगा आणि पोलिसांना कळवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. मुलाचं नाव, शाळा, वस्ती, ओळख पटेल असं काहीही इतर कोणाला सांगू नका. आपल्या सहकाऱ्यांच्या चहाच्या गप्पांतही नाही.

तसंच, कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे बसू नका. नियम तुमच्यासाठी आहे आणि मुलासाठीही.

बालविवाहाचंही तेच. अक्षय्य तृतीयेच्या आधी वस्तीत फिरताना कान उघडे ठेवा. नववीतल्या मुलीने एकाएकी येणं थांबवलं आणि घरात साड्या दिसायला लागल्या, तर विचारा. मुलीचं वय १८ किंवा मुलाचं २१ पूर्ण नसेल तर १०९८ वर कळवा, लग्न गावी असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकाला. लग्न थांबलं म्हणजे काम संपलं असं नाही. मंडपाचा, जेवणाचा खर्च होऊन बसलेला असतो, बाप चिडलेला असतो, आणि ती मुलगी त्याच घरात राहणार असते. पुढचे तीन महिने त्या घरी दर आठवड्याला जा.

दहावीनंतर

निकाल लागला की सगळे विचारतात, किती टक्के? तुम्ही विचारा, आता काय करावंसं वाटतं? सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन केलेला मुलगा दोन वर्षांत अंबडमध्ये उभा राहतो. अकरावी आणि आयटीआय, दोन्हीचे अर्ज ऑनलाइन असतात आणि मुदतीत भरावे लागतात, तेव्हा मुलाला घेऊन बसा आणि फॉर्म त्याच्याच हाताने भरवा. नापास झालेल्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा, दुसऱ्या दिवशी नाही. पुरवणी परीक्षा लवकरच असते हे सांगा. ज्याची शाळा आधीच सुटली आहे त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. आमच्याकडे दोन आयांनी लेकीसोबत ही परीक्षा दिली आणि एकीला लेकीपेक्षा मराठीत जास्त गुण मिळाले.

एप्रिल

टोळ्या परततात. आल्याच्या आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन या, हातात काही न घेता. कोण परत आलं, कोण तिकडेच राहिलं, कोणाची उचल फिटली नाही, कोणत्या मुलाने वर्षाची परीक्षा दिली, हे मेच्या आधी वहीत यायला हवं. वही भरली की नवी घ्या. जुनी कपाटात ठेवा आणि कुलूप लावा, त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत.